उपरण्याखालचा हात

तर झालं असं, की चांगुणा नगरला आली होती नर्स व्हायला, आणि नर्सच्या जागा आदल्याच आठवड्यात भरून गेलेल्या! सोनईहून पहाटेच्या एस.टी.नं आलेली पोरगी, डोक्यावर पत्र्याची ट्रंक, मॅट्रिकचा कागद रुमालात गुंडाळलेला, आणि मिशनच्या दवाखान्यातला कारकून म्हणतो, "उशीर केलास गं." झालं. ती तिथंच व्हरांड्यात ट्रंकेवर बसली. दुपार झाली तरी हलली नाही. येणारा-जाणारा तिला ओलांडून चाललाय, ही आपली बसलेली. शेवटी तिथल्याच एका खात्याच्या प्रमुख भांबळबाईंना दया आली की वैताग आला कोण जाणे, त्या तिच्यापुढं उभ्या राहिल्या.

"माझ्या खात्यात येतेस? वर्षाचं शिक्षण आहे. सहायक होशील."

"कसलं खातं, बाई?"

"व्यवसायोपचार."

चांगुणाला शब्द काही कळला नाही. तिनं ट्रंक उचलली.

पाटीवर एवढा लांबलचक शब्द होता, पण अख्खा दवाखाना त्याला कामाची खोली म्हणायचा. आणि खोली तरी कशी! एका कोपऱ्यात चूल, शेजारी पाटा-वरवंटा, भिंतीला छोटा माग, टेबलावर भोकं पाडलेली फळी आणि त्यात बसवायच्या लाकडी खुंट्या, मळायला मातीचा गोळा, गुंड्या लावून बघायला एक जुना सदरा. अंगावरनं वारं गेलेली, मळणीत हात सापडलेली, भाजलेली अशी सगळी माणसं तिथं यायची आणि त्यांना त्यांचीच रोजची कामं नव्यानं शिकवायची. एक म्हातारी तर पहिल्याच दिवशी भांडायला उठली, "औषिद द्यायचं सोडून माज्या हातात वरवंटा देत्यात! आगं हे घरी हुतंच की!"

चांगुणाला काम आवडलं, लगेच आवडलं. एकच गोष्ट जमेना. भांबळबाईंचा पहिला नियम म्हणजे आपले हात पाठीमागं. रोगी गुंडी लावायला अर्धा तास घेऊ दे, घामाघूम होऊ दे, आपण हात लावायचा नाही. आता तुम्हीच सांगा, बापाच्या वयाचा माणूस समोर गुंडीशी झटतोय आणि जवान पोरीनं नुसतं बघत राहायचं? तिचा हात आपोआप पुढं जायचा. बाई मागून म्हणायच्या, "चांगुणा. हात." मग ती पाठीमागं स्वतःचंच मनगट घट्ट धरून उभी राहायची. महिन्याभरानं मनगटावर वळ उठले, पण हात थांबला.

आणि मग आले रंगनाथतात्या.

घोडेगावच्या बाजारातला दलाल. साधासुधा नाही हं! बैल लांबून चालताना बघून दात न मोजता वय सांगणारा. शुक्रवारी बाजार भरला की चार तालुक्यांतली माणसं आधी विचारायची, तात्या कुठं हाय. तर ह्या तात्यांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. पाय सावरला, तोंड सावरलं, जीभ तर होती तशीच तिखट राहिली, पण उजवा हात नुसता लोंबकळत होता, ओल्या धोतरासारखा. वॉर्डातून कामाची खोली सुचवली, आणि भांबळबाईंनी नेमका हाच रोगी चांगुणाच्या नावावर लिहिला. म्हणाल्या, "वर्षाच्या शेवटी पुण्याहून परीक्षक येतील. ह्यांचा हात दाखवायचा त्यांना. तुझी परीक्षा म्हणजे हा हात."

चांगुणानं पहिल्या दिवशी मोठ्या उमेदीनं खुंट्यांची फळी पुढं ठेवली. तात्यांनी फळीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

"खुट्ट्या ठोकायला मी काय हितं गुरं बांधतोय व्हय?"

"तात्या, बोटांना चालना..."

"पोरी, तुजं गाव?"

"सोनई."

"सोनईची असून मला खुट्ट्या देतीस? आगं शुक्रवारी तिकडं बाजार भरतोय अन मी हितं पोरांचा खेळ खेळू? मला माजा बाजार दे, मग तुज्या खुट्ट्या बघू."

तीन आठवडे हेच. तात्या काही करायला तयार नाहीत, आणि त्यांची बायको आक्काबाई काही करू देत नव्हती. जेवायची वेळ झाली की ताट मांडीवर घेऊन नवऱ्याला घास भरवायची. चांगुणा म्हणायची, "मामी, त्यांना त्यांच्या हातानं खाऊ द्या." आक्काबाई म्हणायची, "अन सांडलं म्हंजी? चार मानसांत त्येंचं हसं व्हईल ते बघू का मी?"

आणि मग एके दिवशी चांगुणा वॉर्डात गेली, तर तात्या भिंतीकडं तोंड करून बसलेले. डाव्या हातानं त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, निर्जीव उजव्या हातावर पसरलं, आणि उपरण्याकडं टक लावून बसले. ओठ हलत होते. चांगुणा दारातच थांबली. तिला लहानपणचं आठवलं ना! बापाचं बोट धरून घोडेगावच्या बाजारात गेली होती तेव्हा दोन माणसं समोरासमोर उभी, हातात हात, हातांवर उपरणं, आणि दोघंही भलतीकडंच बघतायत, जशी काही ओळखच नाही. तिनं विचारलं होतं, "आबा, ही मानसं काय करत्यात?" आबा म्हणाले होते, "बोलत्यात."

सौदा तोंडानं करायचाच नाही, ही तिथली रीत. भोवती माणसं असतात, मालक असतो, गिऱ्हाईक असतं, कुणाला आकडा ऐकू जाता कामा नये. मग सगळं बोटांनी. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, मूठ आवळली की पाच. मुठीनंतर दोन बोटं म्हणजे सात, बैलाच्या सौद्यात सातशे. दलालाचं अर्धं आयुष्य त्या कापडाखाली जातं.

ती धावतच भांबळबाईंकडं गेली. धावत! व्हरांड्यात बादली लवंडली तिच्यानं. बाईंनी सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा हसल्या. "ज्याचं जे काम, तेच त्याचं औषध. कर."

दुसऱ्या दिवशी तिनं फळी उचलून कपाटात टाकली, तात्यांसमोर बसली आणि म्हणाली, "तात्या, उपरणं काढा. सौदा करायचाय."

तात्यांचे डोळे असे चमकले म्हणता! "तुला येतंय?"

"तुम्ही शिकवा."

आता गंमत ऐका. उपरणं पसरलं, तिनं त्याखाली हात घातला, तात्यांचा हात धरला, आणि खोली एकदम गप्प झाली. मागाचा खटखटाट थांबला. कुणीतरी मुद्दाम खाकरलं. एकोणीस वर्षांची बिनलग्नाची पोरगी, परक्या पुरुषाचा हात, आणि वर कापड! चांगुणाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आक्काबाई भिंतीशी बसून पदराचं टोक चावत बघत होती. मग चांगुणानं काय करावं? शाळेतल्या बाईसारखा खणखणीत आवाज काढला.

"हे बघा तात्या, मी दोन बोटं दाबतेय! दोन! कळली? आता तुम्ही दोन दाबा! आता मूठ! पाच! हां, मूठ आवळा!"

खोलीनं निःश्वास सोडला. माग पुन्हा सुरू झाला. आक्काबाईनं पदर सोडला.

"हळू की गं मास्तरीन," तात्या म्हणाले. "बाजारात आशी वरडलीस तर समद्या तालुक्याला सौदा कळंल."

"कळू द्या!" ती आणखी मोठ्यानं म्हणाली, आणि सगळे हसले, तात्यासुद्धा.

त्या दिवसापासून तशीच रीत पडली. रोज सकाळी नऊला उपरणं पसरायचं आणि चांगुणानं मोठ्यानं आकडा बोलत दाबायचं. "तीन! आता तुम्ही तीन!" आणि हात जागा व्हायला लागला, खरंच! पहिल्यांदा अंगठा नुसता थरथरला. त्या दिवशी आक्काबाईनं खोलीत सगळ्यांना गूळ वाटला. मग तर्जनी, मग मूठ. दोन महिन्यांनी तात्या स्वतःच्या हातानं भाकरी मोडायला लागले. चौथ्या महिन्यात तर कपाटातून फळी मागून घेतली आणि सगळ्या खुंट्या एका दमात बसवल्या. म्हणाले, "घे, बांदली तुजी गुरं."

भांबळबाईंकडं एक छापील कागद असायचा, प्रत्येक रोग्याचा. हात किती उचलतो, मूठ किती आवळतो, असे रकाने. त्यात एक रकाना होता, डोळे झाकून स्पर्श ओळखतो का. बाईंनी विचारलं, "हे बघितलंस का, चांगुणा?"

चांगुणा म्हणाली, "बाई, आमचं तर सगळं कापडाखालीच चालतं. त्यांना काहीच दिसत नाही. तरी बरोबर दोनाला दोन, पाचाला पाच."

"मग कर खूण," बाई म्हणाल्या. बाहेर चार रोगी खोळंबले होते, त्या गेल्या. चांगुणानं खूण केली. ठळक, दोनदा गिरवून.

पुण्याचे परीक्षक आले बुधवारी. चष्म्यावरून बघणारे, कमी बोलणारे. तात्यांनी नवं धोतर नेसलं होतं. खुंट्या बसवल्या, सदऱ्याच्या गुंड्या लावल्या, मातीचा गोळा मळून त्याचा चक्क बैल केला, शिंगांसकट! परीक्षकांसाठी चहा आला, पितळी पेल्यातून, वाफाळता. तात्यांनी कौतुकानं तो उजव्या हातानं उचलला आणि परीक्षकांपुढं धरला. परीक्षकांनी घेतला आणि चटकन टेबलावर ठेवला, बोटं झटकली. "काय पकड आहे!" म्हणाले. "शाब्बास, मुली."

पास! खात्यात कायम जागा, पुढच्या महिन्यापासून. चांगुणा व्हरांड्यात जिथं पहिल्या दिवशी ट्रंकेवर बसली होती तिथंच जाऊन रडली. आनंदानं, बरं का. तात्या मागून आले.

"परवा शुक्रवार हाय. तू यायचं. आक्काबाई पुरन घालनार हाय. पर आधी बाजार, मग पुरन. तुज्यासमोर पयला सौदा करायचा, आसं मी कवाच ठरवलंय."

शुक्रवारी सकाळी ती घोडेगावला उतरली. बाजार नुसता फुललेला! खिल्लारी, गावरान, म्हशी, शेळ्या, धुरळा, घुंगरं, भज्यांच्या घाण्याचा वास. तात्या बाजारात शिरले आणि माणसं बाजूला होऊन वाट द्यायला लागली. "तात्या आलं! आरं तात्या आलं!" कुणी पाया पडतंय, कुणी उजवा हातच हातात घेऊन बघतंय. तात्या म्हणायचे, "ह्या पोरीनं केला. सोनईची हाय. आपलीच." चांगुणा बाईमाणूस म्हणून जरा लांब, गुरांच्या हौदापाशी उभी राहिली. तिथून सगळं दिसत होतं.

भिमाजी नावाचा शेतकरी आपला एक बैल घेऊन आला. दोन बाजार तो नुसता थांबला होता म्हणे, तात्याच पाहिजे म्हणून. तात्यांच्या कानात म्हणाला, "नवाच्या खाली द्येऊ नका, तात्या." गिऱ्हाइकाकडनं उभा राहिला छगन. तात्यांच्याच हाताखाली शिकलेला दलाल, आता तोही पिकलेला. त्यानं आधी वाकून तात्यांच्या पायाला हात लावला आणि मग हात पुढं केला.

उपरणं पसरलं. भोवती रिंगण झालं. आणि सगळं गप्प.

तात्या बैलाकडं बघत होते, छगन आभाळाकडं. उपरणं हललं. तात्यांचं कोपर हललं, चांगुणाला लांबूनसुद्धा कळलं, दाबतायत, झकास दाबतायत. मग छगनचा खांदा हलला. त्याची पाळी. आणि तात्या थांबले. जरासेच. त्यांनी बैलावरची नजर काढली आणि छगनच्या तोंडाकडं बघितलं. रीत मोडून बघितलं. छगनचा चेहरा दगडासारखा, दलालाचा असावा तसा. पुन्हा खांदा हलला. तात्यांनी इकडंतिकडं बघितलं, आणि त्यांची नजर गर्दीतून शोधत शोधत हौदापाशी आली. चांगुणावर. तिला वाटलं, कौतुकानं बघतायत. ती हसली. मान हलवली.

तात्यांनी हात बाहेर काढला. गुलालाच्या ताटलीत उजवी पाच बोटं बुडवली आणि बैलाच्या पाठीवर फडदिशी गुलाल मारला.

"झालं! नवाला दिला!"

काय ते बोटांचं उघडणं! चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण कुणी ओरडलं नाही. छगन उपरणं हातात धरून तसाच उभा. अगदी हळू म्हणाला, "तात्या... म्या सात दाबलं."

"सात?"

"मूठ अन दोन बोटं. दोनदा दाबली, तात्या."

रिंगणातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. गिऱ्हाईक पुढं सरकलं. छगननं पटकन आवाज चढवला, "माजंच चुकलं! मागनं ढकललं कुनीतरी, बोट सटाकलं माजं. तात्यांचं काय बी न्हाई. पुन्यांदा करू!"

तात्यांनी छगनच्या हातातलं उपरणं काढून घेतलं. त्यांना माहीत होतं ना, छगनचं बोट आयुष्यात सटकलं नव्हतं. त्यांनीच शिकवलेलं होतं ते.

आणि गुलाल पडला होता हो! गुलाल पडला म्हणजे जनावर विकलं गेलं. गुलाल घेऊन न विकलेलं जनावर घरी नेणं म्हणजे केवढा अपशकुन. भिमाजी काही वाईट बोलला नाही, तेच तर वाईट झालं. त्यानं डोक्याचा पटका सोडला, टोक हौदात बुडवलं, आणि बैलाची पाठ पुसायला लागला. पांढरा बैल. जेवढं पुसावं तेवढं पसरत चाललं. शेवटी पाठ सगळी गुलाबी करून त्यानं कासरा धरला. "येतो, तात्या. जपा परकृतीला," म्हणाला आणि बैल घेऊन पलीकडच्या दलालाकडं गेला.

रिंगण पांगलं. ज्या माणसांनी वाट दिली होती तीच आता तात्यांच्या बाजूनं वाकडी होऊन जायला लागली, नजर चुकवून.

चांगुणा तोपर्यंत धावत पोचली होती. तिच्या डोक्यात तो पितळी पेला आला होता. वाफाळता. परीक्षकांनी झटकलेली बोटं. आणि तात्यांनी मात्र तो केवढा वेळ धरून ठेवला होता! परीक्षक म्हणाले होते, पकड.

"तात्या..."

"हितं नगं."

ते लिंबाखाली जाऊन बसले, गाड्यांच्या मागं. तात्यांनी उपरणं आपल्या हातानं, उजव्याच हातानं, गुडघ्यावर पसरलं. नीट, सुरकुती न पाडता.

"बस. घाल हात. आन आता तोंड मिटून दाब."

तिनं दोन बोटं दाबली. गप्प राहून. सहा महिन्यांत पहिल्यांदा गप्प राहून.

तात्यांनी वाट बघितली. "दाबलंस?"

"व्हय."

"पाच."

तात्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मान हलवली. "पुन्यांदा."

तिनं मूठ आवळली, जोरानं. तात्या म्हणाले, "एक." म्हणाले आणि लगेच, "न्हाई, तीन," आणि मग थांबले.

"तू बोलायचीस ना," ते म्हणाले. "दोन म्हनलीस की मला दोन लागायची. आईच्यान सांगतो पोरी, लागायची. वाटायचं, कळतंय की सगळं."

"मी लाजेपायी बोलत होते, तात्या. लोकं बघायची म्हणून. मी एकदा जरी गप्प राहिले असते... त्या कागदावर मी खूण केली. दोनदा गिरवली."

"गिरवलीस तर गिरवलीस. बोटं हलायला लागली, ते का खोटं हाय? जेवतो न्हवं मी माज्या हातानं?" आणि मग, "पर बाजार गेला."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "तात्या, सोमवारी या. पहिल्यापासून करू. डोळे बांधून, गरम-गार, वाळू, कापूस. बाईंना सांगते मी खरं काय ते. कागद फाडायला लावते. येतं परत, कधी कधी येतं..."

"कदी कदी," तात्या म्हणाले.

तिला खोटं बोलता आलं नाही. "कधी कधी."

बाजूनं माणसं जात-येत होती. कुणी थांबून बघतही होतं. लिंबाखाली दलाल आणि एक तरणी पोरगी, गुडघ्यावर उपरणं, खाली हात. कुणीतरी खाकरलंसुद्धा. चांगुणानं वर बघितलं नाही. तिनं उपरण्याखाली दुसराही हात घातला, आणि तात्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, सगळा, मनगटापासून बोटांपर्यंत.

तात्या समोर बघत होते. पलीकडून तो पांढरा बैल परत चालला होता, विकला गेला नव्हता, पाठ तशीच गुलाबी. घरी पुरण शिजून बसलं असणार. आक्काबाई दारात येऊन रस्ता बघत असणार. तात्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटून बसले, कान देऊन ऐकावं तसे.

"धरलायस का गं?" त्यांनी विचारलं.

"धरलाय, तात्या."

"बरं," ते म्हणाले. "मग ऱ्हाऊ दे घटकाभर."